घरचे आरोग्याचे कागद आणि परक्याचा फोन

आजाऱ्याच्या घरात दोन कामे एकाच वेळी चालू असतात. एक काम शुश्रूषेचे. औषध वेळेवर देणे, पथ्य सांभाळणे, रात्री उशाशी जागणे, हे त्यात येते. दुसरे काम कागदांचे. केसपेपर जपणे, कार्ड काढणे, रांगेत उभे राहणे, कोणत्या खिडकीवर काय मागतात हे ध्यानी धरणे, हे त्यात येते. पहिल्या कामाविषयी आमच्या घरांतून पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्याविषयी बहुधा कोणी बोलत नाही, आणि लबाड मनुष्य अलीकडे याच वाटेने घरात शिरू लागला आहे. तो दारातून येत नाही, फोनमधून येतो. म्हणून या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ सायंकाळच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्यांच्या हाती फोन आहे परंतु ज्यांस वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांस मुद्दाम पुढे बसवावे, अशी आमची विनंती आहे.

दोन घरांची हकीकत

आमच्या परिचयाच्या एका खेड्यात एका बाईंच्या यजमानांवर जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयाचे उपचार झाले. सरकारी योजनेमुळे खर्च वाचला, आणि मंडळी घरी परतली. आठच दिवसांनी भर दुपारी बाईंचा फोन वाजला. पलीकडचा मनुष्य मोठ्या अदबीने बोलत होता. त्याने यजमानांचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, आणि म्हणाला, "ताई, तुमच्या यजमानांचे कार्ड आज सायंकाळी पाच वाजता बंद होणार आहे. पुढची तपासणी फुकट व्हावयास हवी असेल तर आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे मला वाचून दाखवा." बाई घाबरल्या. परंतु त्यांस एक सवय होती. रुग्णालयातून निघताना तेथील आरोग्यमित्राने सांगितल्याप्रमाणे त्या सर्व कागद एका कापडी पिशवीत घालून खुंटीस टांगीत असत. त्या म्हणाल्या, "साहेब, थांबा. कागद काढते, मग बोलते." तो मनुष्य "कागद नकोत, आकडे सांगा" असे म्हणू लागला. बाईंनी फोन ठेवला, पिशवी काढली, आणि शेजारच्या मुलीकडून कार्डावरचा क्रमांक वाचून घेऊन त्यावर फोन लाविला. तिकडून उत्तर आले, "मावशी, असे कोणतेही कार्ड बंद होत नाही. आकडे कोणास सांगू नका." बाईंस जेमतेम सही करता येते.

त्याच गावात दुसरे घर आहे. तेथील तरुण पदवीधर आहे. त्याच्या पत्नीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते, आणि अंगणवाडीत तिची नोंद झाली होती. त्यास फोन आला की, मातृवंदना योजनेचा हप्ता अडकला आहे, तो आजच्या आज सोडवावयाचा तर व्हॉट्सॲपवर पाठविलेली फाइल उघडून त्यात नाव भरावे. पलीकडच्यास पत्नीचे नाव व गरोदरपणाचा महिनासुद्धा ठाऊक होता. तरुणाने फाइल उघडली. फोनने विचारले त्यास "होय, होय" म्हणत गेला. हप्ता आला नाही. रात्री तीन वेळा खात्यातून रक्कम गेली. सोयाबीन विकून बाळंतपणासाठी राखून ठेवलेले ते पैसे होते. त्याहून वाईट हे की, तो लाजेने चार दिवस कोणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी पोलिसांत गेला तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन काढून घेतला गेला होता.

या दोन हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. अक्षरओळख असलेला फसला आणि अक्षरओळख नसलेली वाचली. तेव्हा फसवणूक ही केवळ अडाण्यांस होते हा समज सोडून द्यावा. पहिल्या बाईंस जे तारून गेले ते शिक्षण नव्हे. ती एक सवय होती. कागद एका जागी असणे, आणि परक्याचा आवाज ऐकताच उत्तर न देता आपण स्वतः ठाऊक असलेल्या ठिकाणी विचारणे, एवढीच ती सवय.

आजाऱ्याच्या घरीच असा आवाज का येतो

सुगीच्या दिवसांत चोर खळ्याकडे पाहतो, तसाच हा चोर आजाराकडे पाहतो. आजाऱ्याच्या घरी भीती असते, घाई असते, आणि थोडी आशाही असते. भय दाखविले तर माणूस विचार करीत नाही. हप्त्याची आशा दाखविली तरी करीत नाही. शिवाय आरोग्याच्या कामात कार्यालये इतकी आहेत की कोणाचे काय, हे साध्या माणसास कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय, अंगणवाडी, रेशनचे कार्यालय, बँक, आधारचे केंद्र, या सर्वांत आपले नाव लिहिलेले असते. म्हणून यांपैकी कोणाचेही नाव घेऊन कोणी बोलला तरी ते खरे वाटते.

येथे एक गोष्ट मनात पक्की करावी. समोरच्यास आपले नाव, गाव, आजार किंवा आधारचे शेवटचे चार आकडे ठाऊक आहेत, यावरून तो खरा ठरत नाही. आपली नावे पुष्कळ याद्यांत असतात, आणि याद्या फुटतात, विकल्या जातात. नाव ठाऊक असणे ही ओळख नव्हे. बाजारात आपल्या बैलाचे नाव घेणारा प्रत्येक जण बैलाचा धनी नसतो.

आमच्या देशावर ही गोष्ट नवी नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून जाळले. जे आपणांस वाचता येत नव्हते अशा कागदांवर पिढ्यानपिढ्या निशाण्या उठविल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे जमिनी गेल्या होत्या. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा. म्हणजे परक्याने घरी येऊन अंगठा उठवून नेऊ नये. काम उजेडात, ओळखीच्या माणसापुढे व्हावे. आज कर्जरोख्याच्या जागी फोनवर येणारे सहा आकडे आहेत. उपाय मात्र तोच आहे.

कागदांची पिशवी

जो आपले कागद ओळखतो त्यास फसविणे कठीण. म्हणून प्रथम कागद पाहू. एक कापडी पिशवी शिवून घ्यावी, तिच्यात पुढील वस्तू ठेवाव्या, आणि घरातील दोन माणसांस ती पिशवी कोठे आहे हे ठाऊक असावे.

पहिला कागद शिधापत्रिका, म्हणजे रेशनकार्ड. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हीच मुख्य ओळख आहे. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ पासून सर्व राज्यात आली, आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, आणि २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालविल्या जातात. २०२३ साली राज्य सरकारने निर्णय केला की कुटुंबास वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळावे व तीत सर्व शिधापत्रिकाधारक यावे. हे पैसे कोणाच्या हाती दिले जात नाहीत. यादीतील उपचारासाठी, नोंदणी असलेल्या रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे देणे सरकार रुग्णालयास परस्पर देते. म्हणून "तुमच्या कार्डावरील पाच लाख रुपये खात्यात जमा करतो" असे कोणी म्हटले तर तेथेच तो खोटा ठरला.

दुसरा कागद आयुष्मान कार्ड. हे कार्ड फुकट निघते. त्यासाठी फोनवरून 'शुल्क', 'नूतनीकरण' किंवा 'अनामत' मागणारा लबाड असतो. ७० वर्षांच्या व त्यावरील सर्व वृद्धांस, घरची मिळकत कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आपल्या मंडळीतील वृद्धांची गणना करून ज्यांचे कार्ड निघालेले नाही त्यांचे ते काढवून द्यावे. जो काम वेळेवर उरकून बसतो, त्यास 'आज शेवटचा दिवस' हे भय दाखविता येत नाही.

तिसरी गोष्ट आभा क्रमांक. हा १४ आकडी असतो. पुष्कळ लोक यास आयुष्मान कार्डच समजतात. परंतु दोन्ही निरनिराळी आहेत. आभा हा आपल्या तपासण्यांच्या नोंदी एकत्र ठेवण्याचा क्रमांक होय. त्याने उपचाराचा खर्च दिला जात नाही, आणि तो काढावाच अशी सक्तीही नाही. आधार क्रमांक १२ आकडी असतो हेही ध्यानी ठेवावे. आकडे मोजूनही पुष्कळदा कागद ओळखता येतो.

चौथे, रुग्णालयाचे कागद. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांची चिठ्ठी, आणि घरी सोडतेवेळी मिळणारे डिस्चार्ज कार्ड. हे तारखेप्रमाणे एकावर एक लावावे. गरोदर स्त्रीचे माता व बाल संरक्षण कार्ड, मुलांच्या लसीकरणाची नोंद, आणि क्षयरोग्याच्या उपचाराचे कागद हेही याच पिशवीत असावे. क्षयरोग्यास उपचार चालू असेतोवर पोषणासाठी सरकारकडून दरमहा जे साहाय्य मिळते ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० रुपये झाले. ही रक्कम, तसेच मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५००० रुपये, नोंदविलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. हप्ता अडला तर आशाताई, अंगणवाडीसेविका किंवा आरोग्य केंद्र यांजकडे जावे. फोनवरील फाइल उघडून कोणताही हप्ता सुटत नाही.

पाचवी वस्तू म्हणजे एक जाड पुठ्ठा. त्यावर मोठ्या अक्षरांत पुढील क्रमांक लिहावे : जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८, आयुष्मान भारत योजनेसाठी १४५५५, आधारसाठी १९४७, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि फसवणूक झाल्यास १९३०. त्याखाली आपल्या बँकेचा क्रमांक पासबुकावरून उतरवून घ्यावा, व आशाताईंचा आणि ओळखीच्या एका जाणत्या माणसाचा लिहावा. हा पुठ्ठा पिशवीच्या तोंडाशी असावा. पहिल्या बाईंचे काम याच रीतीने झाले.

कसोटी : कोण कोणाकडे गेले?

आता काही वाचक विचारतील, "आधारच्या केंद्रात व सेवा केंद्रातही तर ते सहा आकडे मागतात. मग खरे कोणते आणि खोटे कोणते?" प्रश्न रास्त आहे. "आकडे कधीच कोणास सांगू नये" एवढेच शिकविले, तर खऱ्या खिडकीवर आमचा मनुष्य गोंधळतो, आणि एकदा गोंधळला की पुढे दोन्हीकडे सांगू लागतो. म्हणून आम्ही एक कसोटी सुचवितो. मनास विचारावे : कोण कोणाकडे गेले?

आपण स्वतः उठून, आपल्या कामासाठी, ठाऊक असलेल्या कार्यालयात किंवा केंद्रात गेलो, समोर माणूस बसलेला दिसतो आहे, आणि त्याच वेळी फोनवर आकडे आले, तर ते आपल्या कामाचे आहेत. तेथेही संदेश अगोदर वाचून घ्यावा. आकडे कशासाठी आहेत, हे त्यातच लिहिलेले असते. कार्ड काढावयास बसलो आणि संदेशात पैशाची रक्कम लिहिलेली असेल, तर हात आवरावा.

परंतु आपण घरी बसलो असता परका आवाज आपणांकडे आला, आणि त्याने आकडे मागितले, तर तो कोणाचेही नाव घेवो, देऊ नये. त्याशी वाद घालू नये, त्याची परीक्षाही पाहू नये. "मी स्वतः येऊन विचारतो" एवढे म्हणून फोन ठेवावा. जे काम खरे आहे ते उद्या खिडकीवर जाऊनही होते. जे उद्यापर्यंत थांबू शकत नाही, पाचाच्या आत झालेच पाहिजे, कोणास सांगावयाचे नाही, असे असते, ते काम खोटे.

त्याने सांगितलेल्या क्रमांकावर फिरून फोन करून खातरजमा होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. चोराने दिलेली साक्ष चोराचीच असते. क्रमांक आपल्या पुठ्ठ्यावरचा घ्यावा.

नेहमीच्या युक्त्या

लबाडांची सोंगे अनेक असली तरी हत्यारे थोडी आहेत. ती ओळखून ठेवावी.

फाइल पाठविणे. व्हॉट्सॲपवर कार्डाच्या, हप्त्याच्या किंवा रुग्णालयाच्या नावाने फाइल येते. ती खरोखर एक ॲप असते. ते फोनवर बसले, आणि आपण परवानगी दिली, की आपले संदेश लबाडास वाचता येतात, आणि बँकेचे आकडे आपण न सांगताच त्यास कळतात. दुसऱ्या घरातील तरुणाचे हेच झाले. कोणी पाठविलेल्या फाइलमधून ॲप कधीही घेऊ नये. सरकारी ॲप हवे असेल तर फोनमधील ॲपच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, आणि तेही जाणत्यास जवळ बसवून.

पडदा पाहणे. "मी तुम्हांस मदत करतो, हे ॲप घ्या" असे म्हणून आपल्या फोनचा पडदा त्यास दिसेल अशी योजना केली जाते. मग आपण जे जे लिहू ते तो पाहतो.

पिन घालावयास लावणे. "पैसे मिळण्यासाठी पिन घाला" किंवा "हा चौकोनी कोड स्कॅन करा" असे सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसा आपल्या खात्यातून बाहेर जातो. ही एक ओळ लहान मुलांकडूनही पाठ करून घ्यावी.

पाच-दहा रुपये मागणे. कोणी मोठ्या रुग्णालयात वेळ घेण्यासाठी इंटरनेटवर क्रमांक शोधतो. तेथे लबाडाने आपला क्रमांक टाकून ठेविलेला असतो. तो गोड बोलून "नोंदणीचे फक्त दहा रुपये" म्हणतो व एक दुवा पाठवितो. दहा रुपये देण्यासाठी जी माहिती आपण भरतो तिच्या आधारे खाते रिकामे होते. येथे फोन आपण केलेला असतो, म्हणून कसोटी चुकते की काय असे वाटेल. परंतु आपण ठाऊक असलेल्या ठिकाणी गेलो नव्हतो. परक्याने मांडलेल्या दुकानात गेलो होतो. रुग्णालयाचा क्रमांक तेथील जुन्या केसपेपरवरून घ्यावा, किंवा गावच्या डॉक्टरांस विचारावा.

अटकेचे भय. "तुमच्या कार्डावर दुसऱ्याने उपचार घेतले, तुम्हांवर गुन्हा आहे, फोनसमोरून हलू नका" असे पोलिसाच्या वेषात चित्रफोनवर सांगतात. यास ते 'डिजिटल अटक' म्हणतात. आमच्या देशाच्या कायद्यात अशी अटक नाही. पोलीस फोनवर कोणास कोंडून ठेवीत नाहीत, व फोनवर दंडही घेत नाहीत.

अंगठा. गावात कोणी यंत्र घेऊन येतो आणि "आरोग्य तपासणीसाठी" अंगठा टेकवावयास सांगतो. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्याने पैसे काढता येतात, म्हणून अनोळखी यंत्रावर अंगठा टेकवू नये. पैसे काढण्यास आपण गेलो असलो तरी पावती मागावी, आणि यंत्र "पुन्हा टेकवा" म्हणाले तर पहिली रक्कम निघाली की नाही हे आधी पाहावे. आधारची बोटांची ओळख कुलूपबंद करून ठेवता येते. आधार केंद्रात विचारल्यास रीत सांगतात.

फसवणूक झालीच तर

पहिल्या तासास फार किंमत आहे. चोरलेले पैसे तत्काळ नाहीसे होत नाहीत. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, आणि मग काढले जातात. १९३० या क्रमांकावर खबर दिली की ती बँकांकडे कळविली जाते, आणि पैसा जेथे पोहोचला असेल तेथे तो अडविण्याचा यत्न होतो. अडविला गेला तर परत मिळण्याची आशा असते. काढला गेला तर ती फार थोडी उरते. म्हणून आधी रडणे, मग रागावणे, मग विचार करणे हा क्रम सोडावा आणि आधी फोन करावा.

फोनमध्ये परके ॲप शिरले असल्याची शंका असेल तर त्या फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावावा. बँकेचे नाव, खाते, रक्कम, वेळ व संदेशात आलेला व्यवहाराचा क्रमांक सांगावा. लगेच बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांस दिलेल्या निर्देशांत असे ठरविले की, ग्राहकाने स्वतः आकडे सांगितले असले तर कळवीपर्यंतची हानी त्याची. परंतु कळविल्यानंतर जी हानी होईल ती बँकेने सोसावी. यावरूनही लवकर कळविण्याचे मोल कळेल. फोनमधील संदेश पुसू नयेत. तो पुरावा असतो. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

आणखी एक इशारा. पैसे गेल्यावर काही दिवसांनी "गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा" असा फोन येतो. तो पहिल्याच चोराचा भाऊ असतो.

उपदेशकांनी काय करावे

हे काम एकट्या घरावर टाकून भागत नाही. उपदेशक किंवा शिक्षक यांनी महिन्यातून एक सायंकाळ कागदांसाठी राखावी. ज्याने त्याने आपली पिशवी आणावी. नावांचे स्पेलिंग, जन्मतारीख व फोनचा क्रमांक सर्व कागदांवर एकसारखे आहेत की नाही हे पाहावे, कारण पुष्कळांचे काम तेथेच अडते, आणि अडलेल्या कामाच्या मागूनच लबाड येतो. मात्र पाहणाऱ्याने कोणाचा पिन विचारू नये व कोणाचे कार्ड स्वतःजवळ ठेवू नये. विश्वासाच्या माणसानेही विश्वासाची मर्यादा पाळावी. काम झाले की पिशवी धन्याच्या हाती परत द्यावी.

आणि ज्याची फसवणूक झाली त्यास हसू नये. आमच्या दुसऱ्या घरातील तरुण चार दिवस गप्प राहिला तो पैसा गेला म्हणून नव्हे; "शिकलेला असून फसला" असे लोक म्हणतील म्हणून. ते चार दिवस त्यास सर्वांत महाग पडले. पुढे बाळंतपण सरकारी रुग्णालयात सुखरूप झाले, आणि कन्यारत्न झाले. बारशाच्या दिवशी जमलेल्या माणसांसमोर तो स्वतः उभा राहिला, आणि फोन कसा आला, फाइल कशी उघडली, हे सारे सांगितले. त्याच आठवड्यात गावात आणखी दोन घरी तसाच फोन आला. दोन्ही घरच्या बायांनी "मी स्वतः येऊन विचारते" म्हणून तो ठेवून दिला. त्या तरुणाचे पैसे परत आले नाहीत. परंतु त्याने लाज बाजूस ठेवून उच्चारलेल्या चार वाक्यांनी दोन घरे वाचली. आम्हांस वाटते, हा सौदा तोट्याचा नव्हता.

बैठकीत विचारावयाचे प्रश्न

१. तुमच्या घरी आरोग्याचे कागद कोठे आहेत, आणि हे तुम्हांखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?

२. आयुष्मान कार्ड व आभा क्रमांक यांत काय भेद आहे?

३. सेवा केंद्रात आलेले आकडे आणि फोनवरच्या परक्याने मागितलेले आकडे यांत कोणत्या कसोटीने भेद करावा?

४. पैसे घेण्यासाठी पिन लागतो काय?

५. पैसे गेल्यास पहिला फोन कोणत्या क्रमांकावर, आणि तो लगेच का करावा?

६. आपल्या गावात फसलेला कोणी गप्प बसला असेल, तर त्यास बोलते करण्यासाठी आपण काय करू शकू?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे या पाठात आहेत. सहाव्याचे उत्तर ज्या त्या मंडळीने आपसांत शोधावयाचे आहे.